समाजशास्त्राचे आद्य ग्रंथ: कोणती आवृत्ती घ्यावी, कोणावर पैसे घालवू नयेत

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, सेट-नेटला आणि यूपीएससीच्या वैकल्पिक विषयात 'अभिजात समाजशास्त्रीय विचारवंत' हा पेपर असतो आणि बहुतेकांचे काम गाईडवर भागते. काँतच्या तीन अवस्था, स्पेन्सरचे समाज आणि सजीव यांचे साधर्म्य, द्यूरकेमचे आत्महत्येचे चार प्रकार, वेबरचे आदर्श प्रारूप: पाच-पाच, दहा-दहा गुणांचे तयार तुकडे. त्यापलीकडे जाऊन मूळ ग्रंथ हातात घ्यायचा असेल, तर पहिली अडचण येते ती आवृत्तीची. एकाच ग्रंथाची तीन-चार इंग्रजी भाषांतरे बाजारात आहेत, त्यांतली काही वेगवेगळ्या मूळ संहितांवरून केलेली आहेत, आणि शिवाय नावापुरत्या स्वस्त प्रती ढिगाने आहेत. म्हणून हे परीक्षण विचारवंतांचे नाही, त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रतींचे आहे.

आधी स्वस्त प्रतींचा निकाल लावू. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारे अनेक प्रकाशक जुन्या पुस्तकाच्या स्कॅनवरून यंत्राने मजकूर उचलतात. समाजशास्त्राच्या ग्रंथांना हा प्रकार विशेष मारक ठरतो, कारण या ग्रंथांत तक्ते आहेत आणि तळटिपा आहेत. तक्त्यांचे रकाने एकमेकांत मिसळतात, टिपांचे आकडे मजकुरात घुसतात, किंवा टिपा सरळ गाळलेल्या असतात. विकत घेण्यापूर्वी संकेतस्थळावरची नमुना पाने उघडा आणि मुखपृष्ठामागचे हक्काचे पान शोधा. त्यावर भाषांतरकाराचे नाव, भाषांतराचे वर्ष आणि मूळ कोणत्या आवृत्तीवरून भाषांतर केले ते असले पाहिजे. भाषांतरकाराचे नावच नसेल तर ती प्रत घेऊ नका. मग अनुक्रमणिकेत टिपा आणि विषयसूची आहेत का ते पाहा.

फुकट काय मिळू शकते याचा हिशेबही सोपा आहे. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो, पण भाषांतर ही स्वतंत्र कृती असल्याने भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो. द्यूरकेम 1917 साली वारला आणि वेबर 1920 साली, म्हणून मूळ फ्रेंच व जर्मन ग्रंथ केव्हाच मोकळे झाले. वेबरच्या प्रोटेस्टंट नीतीवरच्या ग्रंथाचा भाषांतरकार टॅल्कट पार्सन्स मात्र 1979 साली वारला. त्याचे भाषांतर आपल्याकडे 2039 अखेरपर्यंत हक्कात आहे. तेच भाषांतर अनोळखी छापाच्या पुस्तकात नावाशिवाय दिसले, तर काय ते समजून घ्या.

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर द्यूरकेमचे आत्महत्येवरचे घ्या. 1897 सालचे हे पुस्तक अजूनही या विषयातले सर्वांत उपयुक्त पाठ्यसाहित्य आहे, कारण त्यात प्रश्न मांडण्यापासून आकडे फिरवण्यापर्यंतचे सगळे काम उघड्यावर चालते. इंग्रजीत दोन भाषांतरे आहेत. जॉन स्पॉल्डिंग आणि जॉर्ज सिम्पसन यांचे 1951 सालचे, 'सुइसाइड' या नावाने. आणि रॉबिन बस यांचे 2006 सालचे, पेंग्विनचे, 'ऑन सुइसाइड' या नावाने. पहिल्याची इंग्रजी जड आहे, वाक्ये लांब आहेत, पण गेल्या सत्तर वर्षांतले जवळजवळ सगळे इंग्रजी लेखन त्याच्याच पानांचा हवाला देते. शोधनिबंध लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाही. नुसते समजून घ्यायचे असेल तर बस यांचे भाषांतर घ्या; त्यात वाचक अडखळत नाही.

प्रत नीट आहे का हे तपासायची एक खात्रीची जागा आहे. गाईडात आत्महत्येचे चार प्रकार असतात आणि चारही सारख्याच मापाने शिकवले जातात. पुस्तकात मात्र प्रकरणे तीनच प्रकारांना मिळाली आहेत: अहंवादी (समाजाशी बंध सैल पडल्याने होणारी), परार्थवादी (समाजात व्यक्ती पुरती विरघळल्याने होणारी) आणि प्रमाणकशून्य (समाजाचे नियमन ढासळल्याने होणारी). चौथा, दैववादी प्रकार येतो तो दुसऱ्या भागाच्या पाचव्या प्रकरणाच्या शेवटच्या तळटिपेत. नियमनाचा अतिरेक झाला, पुढचे आयुष्य निर्दयपणे बंद झाले की होणारी आत्महत्या, उदाहरणार्थ गुलामांची किंवा फार लहान वयात लग्न झालेल्या नवऱ्यांची, असे सांगून आजच्या काळात हिला फारसे महत्त्व नाही म्हणून द्यूरकेम पुढे निघून जातो. तळटिपा गाळलेली प्रत विकत घेतली तर चौथा प्रकार पुस्तकात सापडणारच नाही. ही टीप आहे की नाही ते आधी पाहा, मग पैसे द्या.

वाचण्याचा क्रमही छापलेल्या क्रमापेक्षा वेगळा ठेवलेला बरा. पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागातली चार प्रकरणे वेडेपणा, वंश व आनुवंशिकता, हवामान आणि अनुकरण या कारणांना एकेक करून बाद करण्यात जातात. नवखा वाचक इथेच, उन्हाळ्यात आत्महत्या जास्त का होतात या चर्चेत, पुस्तक मिटतो. प्रस्तावनेतली व्याख्या वाचून थेट दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणाला जा. तिथे धर्मानुसार तक्ता आहे: दर दहा लाखांमागे प्रोटेस्टंट राज्यांत 190 आत्महत्या, मिश्र राज्यांत 96, कॅथलिक राज्यांत 58 आणि ग्रीक कॅथलिक राज्यांत 40. हा तक्ता पाहिला की पुस्तक काय करू पाहते ते एका पानात कळते. त्यानंतरचे कुटुंबावरचे प्रकरण पेन्सिल घेऊन वाचावे. त्यातल्या 'संरक्षण गुणांका'चा अर्थ एवढाच: एकाच वयोगटात एका समूहाचा दर दुसऱ्याच्या किती पट आहे. समजा अविवाहितांत दहा लाखांमागे 300 आणि त्याच वयाच्या विवाहितांत 100 असतील, तर विवाहितांचा गुणांक 3. तो 1 च्या खाली गेला की लग्न संरक्षण देत नसून उलटे काम करते आहे. दोन-तीन ओळींचे गुणांक स्वतः काढून पाहिले की पुढचे तक्ते आपोआप वाचता येतात.

याच प्रकरणात पुस्तकाचे दोषही दिसतात. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या तक्त्यातला पहिला वयोगट 0 ते 20 असा आहे. अविवाहितांच्या रकान्यात तान्ही मुलेही मोजली गेली, विवाहितांच्या रकान्यात अर्थातच नाहीत. म्हणून त्या ओळीतला फरक अवाच्या सवा निघतो, आणि लवकर लग्न घातक असते हा नियम तिच्या आधाराने मांडताना जपून राहावे लागते. मोठा दोष पद्धतीतला आहे. प्रोटेस्टंट प्रांतात आत्महत्या जास्त, एवढ्यावरून त्या प्रांतात आत्महत्या करणारे प्रोटेस्टंटच होते असे सिद्ध होत नाही. प्रांताच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातली ही चूक 1950 सालच्या विल्यम रॉबिन्सनच्या लेखानंतर संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते. आणि नोंदीचे काय? कॅथलिक समाजात आत्महत्या लपवण्याचे कारण अधिक, म्हणून तिथे मृत्यू 'आकस्मिक' किंवा 'कारण अस्पष्ट' अशा खात्यांत जातात. नेदरलँड्सच्या जुन्या नोंदी घेऊन 1996 साली झालेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले. एवढे असूनही पुस्तकाची शिफारस मागे घ्यावीशी वाटत नाही. आपली चूक वाचकाला दाखवता येईल इतके तक्ते जो लेखक छापतो, त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते.

प्रास्ताविकातला एक ऋणनिर्देश सहसा कोणी वाचत नाही. सुमारे 26,000 प्रकरणांची कागदपत्रे वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुले आहेत की नाहीत यांनुसार लावण्याचे काम भाचा मार्सेल मोस याने एकट्याने केले. आणि ती कागदपत्रे मिळाली ती न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख गाब्रिएल तार्द याच्या सौजन्याने. हा तार्द म्हणजे द्यूरकेमचा मुख्य प्रतिस्पर्धी. समाज अनुकरणाने चालतो हा त्याचा सिद्धांत. त्याच्याच दप्तरातली कागदपत्रे घेऊन द्यूरकेमने पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात अनुकरणाचा सिद्धांत निकालात काढला. फ्रान्समध्ये बाजी द्यूरकेमने मारली आणि तार्द पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गेला.

पण न्यूयॉर्कला तो चांगला जिवंत होता. तार्दच्या 1890 सालच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1903 साली निघाले, त्याला प्रस्तावना कोलंबिया विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक फ्रँकलिन गिडिंग्ज यांची. याच विद्यापीठात 9 मे 1916 रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. मे 1917 मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. आद्य विचारवंतांचा पेपर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने द्यूरकेमच्या जोडीला हाच निबंध घ्यावा, अशी आमची ठाम शिफारस आहे. किंमत शून्य. महाराष्ट्र शासनाने 1979 साली काढलेल्या, वसंत मून संपादित 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पहिल्या खंडात सुरुवातीलाच तो आहे, आणि त्या खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. छापील खंड शासकीय ग्रंथागारात मिळाला तर आकाराच्या मानाने फार स्वस्त पडतो.

निबंध छोटा आहे, एका बैठकीत संपतो. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या तपासून, जातीचे सार म्हणजे गटांतर्गत विवाह, असा निष्कर्ष आहे. केतकरांचा ग्रंथ 1909 सालचा, कॉर्नेलमध्ये केलेल्या अभ्यासातून आलेला. आंबेडकर त्यांचा आदराने उल्लेख करतात आणि मग त्यांच्याही पुढे जातात. पुढची मांडणी जवळपास गणितासारखी आहे. गट बंद करायचा तर स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री 'अतिरिक्त' होते, बायको मेली की एक पुरुष. अतिरिक्त स्त्रीची सोय दोन तऱ्हांनी लावली जाते, सती आणि सक्तीचे वैधव्य. अतिरिक्त पुरुषासाठी ब्रह्मचर्य, नाहीतर लग्नाच्या वयात न आलेल्या मुलीशी लग्न. ब्राह्मणांनी दार लावून घेतले आणि बाकीच्या गटांत ती चाल कशी पसरली, हे सांगायला त्यांनी तार्दचेच नियम वापरले: अनुकरण वरून खाली झिरपते आणि अंतर कमी तितके ते तीव्र.

आता द्यूरकेमचे दुसऱ्या भागातले चौथे प्रकरण पुन्हा उघडा. नवऱ्यामागे जाणारी विधवा तिथे परार्थवादी आत्महत्येचे उदाहरण म्हणून येते. समाजात व्यक्ती इतकी विरघळली आहे की जिवाला स्वतंत्र किंमत उरलेली नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. भारताविषयीची त्याची सगळी माहिती प्रवाशांच्या आणि जुन्या ग्रंथकारांच्या हवाल्याने आलेली आहे, आणि ते जाणवते. आंबेडकर विचारतात तो प्रश्न (हे कोणाच्या सोयीचे, कोणत्या विवाहनियमाची ही किंमत) त्याच्या मांडणीत बसतच नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वर्गात चर्चा घेतली तर दोन तास कमी पडतात. मर्यादा आंबेडकरांच्या निबंधालाही आहे. अनुकरणाने प्रथा पसरली हे तो सांगतो, पण सक्तीला त्यात फार थोडी जागा मिळते. पुढच्या लेखनात त्यांनी ती भरून काढली.

द्यूरकेमच्या इतर पुस्तकांबद्दल थोडक्यात. समाजशास्त्रीय पद्धतीच्या नियमांवरचे 1895 सालचे पुस्तक घ्यायचे तर स्टीव्हन ल्यूक्स संपादित, हॉल्स यांचे 1982 सालचे भाषांतर घ्या. त्यात दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना आहे आणि 'सामाजिक तथ्ये वस्तू माना' या द्यूरकेमच्या सूत्रावरच्या आक्षेपांना उत्तर तिथेच मिळते. श्रमविभाजनावरच्या पुस्तकाचेही हॉल्स यांचे 1984 सालचे भाषांतर 1933 सालच्या सिम्पसन यांच्या भाषांतरापेक्षा वाचायला सोपे. धर्मावरच्या मोठ्या ग्रंथाचे स्वेन यांचे 1915 सालचे भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे आणि कामचलाऊ आहे. पैसे खर्चायचेच असतील तर कॅरन फील्ड्स यांचे 1995 सालचे. ऑक्सफर्डच्या स्वस्त मालिकेतले 2001 सालचे भाषांतर छान वाचले जाते, पण ते संक्षिप्त आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही. फ्रेंच येत असेल तर शिकूतिमी इथल्या क्वेबेक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर द्यूरकेमचे सगळे मुख्य ग्रंथ विनामूल्य उतरवून घेता येतात.

वेबरच्या बाबतीत आवृत्तीचा घोळ सर्वांत मोठा आहे. प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीवरचा मजकूर आधी 1904 आणि 1905 साली एका नियतकालिकात दोन लेख म्हणून आला. मृत्यूच्या वर्षी, 1920 साली, वेबरने तो सुधारून, टिपांत प्रचंड भर घालून धर्माच्या समाजशास्त्रावरच्या संग्रहात घेतला. म्हणजे मूळ संहिताच दोन आहेत. पार्सन्सचे 1930 सालचे भाषांतर आणि स्टीफन काल्बर्गचे नंतरचे भाषांतर 1920 च्या संहितेवरून आहे. पीटर बेर आणि गॉर्डन वेल्स यांचे 2002 सालचे पेंग्विन भाषांतर 1905 च्या. फरक किरकोळ नाही. जगातली जादू ओसरत जाण्याचा जो प्रसिद्ध विचार वेबरच्या नावावर सांगितला जातो, तो शब्दप्रयोग या ग्रंथात 1920 साली घातलेला आहे. त्यावर निबंध लिहिणाऱ्याने पेंग्विनची प्रत घेतली तर लेखांच्या मजकुरात तो सापडणार नाही. उलट वेबरने टीकाकारांना 1907 ते 1910 या काळात दिलेली उत्तरे हवी असतील तर ती पेंग्विनमध्येच आहेत. पार्सन्सच्या प्रतीत शोधतानाही लक्षात ठेवा की परीक्षेत विचारला जाणारा 'लोखंडी पिंजरा' (माणसाला जखडणाऱ्या भांडवली व्यवस्थेची उपमा) हे पार्सन्सचे शब्द आहेत. इतर दोन भाषांतरांच्या सूचीत ते शोधून वेळ जाईल.

पार्सन्सच्या प्रतीतला आणखी एक सापळा सुरुवातीलाच आहे. 'लेखकाची प्रस्तावना' म्हणून छापलेले प्रकरण या ग्रंथाची प्रस्तावना नाहीच. वेबरने ते 1920 साली संपूर्ण संग्रहासाठी लिहिले होते, ज्यात चीन आणि भारतावरचे अभ्यासही यायचे होते. म्हणूनच त्यात बुद्धिप्रधान संगीत, वास्तुकला, हिशेबपद्धती, भारतीय भूमिती असे विषय येतात आणि विद्यार्थी गोंधळतो की प्रोटेस्टंट कुठे आहेत. ते प्रकरण शेवटी वाचा. सुरुवात पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणापासून करा. मग दुसऱ्या प्रकरणात बेंजामिन फ्रँकलिनची अवतरणे येतात आणि गाडी रुळावर येते. दुसऱ्या भागातले पहिले प्रकरण, कॅल्विनवाद, पाएटिझम, मेथडिझम आणि बाप्टिस्ट पंथांचे, सर्वांत कठीण आहे. पहिल्या वाचनात त्यातला कॅल्विनचा भाग तेवढा पुरे.

इथेही टिपा गाळलेली प्रत म्हणजे अर्धे पुस्तक. 1958 सालच्या स्क्रिब्नर छापात मजकूर पान 183 ला संपतो आणि टिपा 284 पर्यंत चालतात. वेबरने सोम्बार्ट आणि ब्रेंटानो या जर्मन अर्थतज्ज्ञांशी घातलेला वाद सगळा तिथे आहे. त्या टिपांतच जर्मनीतल्या बाडेनमधल्या शाळांचा एक तक्ता आहे, धर्मानुसार विद्यार्थ्यांची टक्केवारी देणारा. त्यातली रेआल-गिम्नाझियमची (आधुनिक विषयांवर भर देणाऱ्या माध्यमिक शाळांची) ओळ बेरीज करून पाहा: प्रोटेस्टंट 69, कॅथलिक 31, ज्यू 9. बेरीज 109. आकडा 59 हवा होता. वेबरने तो ज्या अभ्यासावरून घेतला तिथूनच चूक आली, आणि ती पुढे स्वीडिश इतिहासकार कुर्ट सॅम्युएल्सन यांनी दाखवून दिली. 59 धरले तर प्रोटेस्टंटांचे आधुनिक शिक्षणाकडे असलेले झुकते माप त्या ओळीत बरेच उतरते. ग्रंथाचा सगळा डोलारा या एका ओळीवर उभा नाही, पण शोधप्रबंधात आकडे उतरवून घेणाऱ्याने शंभराची बेरीज करण्याची सवय ठेवलेली बरी.

खरेदीचा सल्ला: पदव्युत्तर अभ्यासासाठी रुटलेजच्या मालिकेतला पार्सन्स पुरेसा आहे, सर्वत्र मिळतो आणि अँथनी गिडन्स यांच्या प्रस्तावनेमुळे वादाचा इतिहास कळतो. काल्बर्ग अधिक काटेकोर आहे, पण किंमत पाहून ग्रंथालयातूनच आणावा. वेबरचे दुसरे पुस्तक घ्यायचे तर गेर्थ आणि राइट मिल्स यांनी 1946 साली केलेली निवड घ्या. नोकरशाही, वर्ग-दर्जा-पक्ष, राजकारण हा व्यवसाय आणि ब्राह्मण व जातींवरचे एक प्रकरण, असे पेपराला लागणारे जवळजवळ सगळे एका जिल्दीत मिळते. भारतीय धर्मांवरचे वेबरचे स्वतंत्र पुस्तक मात्र गेर्थ आणि मार्टिंडेल यांच्या 1958 सालच्या भाषांतरातून वाचू नये असेच जाणकार सांगतात. भाषांतर सदोष आहे आणि संस्कृत नावांची दशा पाहवत नाही. ज्यांना त्यातले मुद्दे हवेत त्यांनी वरच्या निवडीतले प्रकरण वाचून थांबावे.

आता ज्याच्यापासून अभ्यासक्रम सुरू होतो त्या ऑग्युस्त काँतविषयी. त्याच्यावर एक रुपयाही खर्चू नका. त्याचा सहा खंडांचा ग्रंथ 1830 ते 1842 या काळात आला. 'समाजशास्त्र' हे नाव चौथ्या खंडात, 47 व्या व्याख्यानात, 1839 साली येते. तोवर तो 'सामाजिक भौतिकी' म्हणत होता, पण बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने 1835 सालच्या पुस्तकात तेच नाव वापरले, म्हणून याने नवे घडवले. मजकुरात पुनरुक्ती अफाट आहे. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनोने 1853 साली सहा खंडांचे दोन केले आणि ते काँतला इतके पसंत पडले की पुढे त्या इंग्रजी संक्षेपाचे फ्रेंच भाषांतर झाले. लेखक सोडून वाचकांना संक्षेपकाराकडे पाठवणारे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. इंटरनेट आर्काइव्हवर दोन्ही खंड आहेत; दुसऱ्या खंडातल्या सहाव्या भागाची सुरुवातीची प्रकरणे वाचली की तीन अवस्था, समाजाची स्थितिकी (रचना) आणि गतिकी (बदल) हे सगळे आटोपते.

वाचलेला वेळ मार्टिनोच्या स्वतःच्या पुस्तकाला द्या. 'हाउ टु ऑब्झर्व्ह: मॉरल्स अँड मॅनर्स', 1838. फुकट आहे, छोटे आहे, आणि क्षेत्रीय कामाला निघणाऱ्यासाठी आजही कामाचे आहे. निरीक्षकाची तयारी, काय पाहायचे आणि नोंदी कशा ठेवायच्या, असे तीन भाग. लोक काय बोलतात यापासून सुरुवात करू नका, आधी वस्तू पाहा (दफनभूमी, तुरुंग, बाजार, लोकगीते), बोलणे हे त्यावरचे भाष्य म्हणून घ्या, हा तिचा मुख्य सल्ला. द्यूरकेमच्या पद्धतीच्या नियमांच्या 57 वर्षे आधीचा. संस्थापकांच्या यादीत तिचे नाव गाईडवाल्यांनी अजून घेतलेले नाही, हा त्यांचा प्रश्न.

स्पेन्सरचे खंड रद्दीतही महाग पडतील. ज्या लेखनाने आगरकरांच्या पिढीला झपाटले ते आज वाचवत नाही. 1873 सालचे 'द स्टडी ऑफ सोशिऑलॉजी' मात्र अपवाद: शिक्षण, देशाभिमान, वर्ग, राजकारण, धर्म यांमुळे अभ्यासकाची नजर कशी वाकडी होते यावरची प्रकरणे खुसखुशीत आहेत आणि फुकट मिळतात. स्पेन्सर शोधताना 'द इंडियन सोशिऑलॉजिस्ट' समोर आले तर फसू नका. श्यामजी कृष्णवर्म्यांनी जानेवारी 1905 मध्ये लंडनहून काढलेले ते राजकीय पत्र आहे. स्पेन्सरचे वचन मथळ्यावर होते, आत समाजशास्त्र नव्हते.

मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड पेंग्विनचा, बेन फाउक्स यांचे 1976 सालचे भाषांतर, ही सुरक्षित खरेदी. पहिल्या तीन प्रकरणांत न अडकता थेट दहाव्यापासून, कामाच्या दिवसापासून, सुरू करा. कारखाना निरीक्षकांच्या अहवालांवरून समाजशास्त्र कसे लिहावे याचा तो नमुना आहे. जर्मन आवृत्तीत हेच प्रकरण आठवे असते, इंग्रजीत क्रमांक वेगळे पडतात. दुय्यम ग्रंथातला हवाला जुळेना तर आधी हे तपासा.

शेवटी अमेरिकेतला कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस, ज्याचे नाव आपल्या विद्यापीठांच्या पेपरात क्वचितच असते. त्याचे शिक्षण बर्लिनमध्येही झाले होते, आणि वेबरच्या नियतकालिकाने 1906 साली त्याचा लेख छापला. 1899 सालचा 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा एका शहराच्या सातव्या वॉर्डाचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास आहे. त्या वॉर्डातली कृष्णवर्णीय लोकसंख्या 9,675 होती. सर्वेक्षण शिकणाऱ्याने मजकुराआधी परिशिष्ट उघडावे: कुटुंब, व्यक्ती, घर, रस्ता यांसाठी वापरलेले प्रश्नतक्ते तिथे छापले आहेत, आणि इसाबेल ईटन यांचा घरकामगारांवरचा अहवालही जोडलेला आहे. ड्यू बॉइस 1963 साली वारला, म्हणून 2024 पासून आपल्याकडे हा ग्रंथ मोकळा आहे. मात्र मूळ पुस्तकात वॉर्डाचा घडीचा रंगीत नकाशा आहे, ज्यात घरे सामाजिक स्थितीनुसार रंगवली आहेत. जुन्या पुस्तकांचे घडीचे नकाशे स्कॅन करताना पुष्कळदा उलगडलेलेच नसतात, आणि काळ्यापांढऱ्या पुनर्मुद्रणात रंगांचे करड्यात रूपांतर होऊन नकाशा निरुपयोगी होतो. एकाच ग्रंथाचे अनेक ग्रंथालयांतले स्कॅन उपलब्ध असतात. दोन-तीन उघडून, नकाशा पूर्ण आणि रंगीत असलेलाच उतरवून घ्या.